मजलुमाची गोष्ट आणि पडदा : पोलिसी अत्याचाराच्या खऱ्या बळींवरील चित्रपटांविषयी

पोलिसांच्या हातून मारल्या गेलेल्या खऱ्या माणसांवर चित्रपट काढावेत की नाहीत, हा प्रश्न चर्चेत येतो तेव्हा तो नेमक्या कोणत्या चित्रपटांना विचारला जातो, हे आधी पाहिले पाहिजे. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी मुंबईच्या लोखंडवाला वसाहतीत पोलिसांच्या गोळीबारात सात जण मारले गेले. त्यावर २००७ साली चित्रपट आला आणि आपण 'सत्य अफवां'वर आधारित आहोत अशी जाहिरात त्याने खुशाल केली. १९८२ मध्ये वडाळ्याला मारल्या गेलेल्या मन्या सुर्वेवर २०१३ साली आला. 'बाटला हाऊस' २०१९ च्या स्वातंत्र्यदिनी आला, त्या वेळी त्या प्रकरणातील एका आरोपीचा खटला चालू होता आणि दुसऱ्याचे अपील प्रलंबित होते. न्यायालयांनी पुढे पोलिसांची बाजू ग्राह्य धरली, हे खरे. पण चित्रपटाने त्या निकालाची वाट पाहिली नव्हती. हे सारे पोलिसांच्या गोळीने मेलेल्या खऱ्या माणसांवरचेच चित्रपट आहेत. मेलेल्यांच्या घरच्यांना विचारले होते काय, असा प्रश्न त्यांच्याबाबतीत आपण सहसा करीत नाही. तो प्रश्न आपल्याला सुचतो कॅमेरा मारणाऱ्याऐवजी मरणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो तेव्हा.

हे एवढे मान्य केल्यावर मात्र आक्षेप झटकून टाकता येत नाहीत. मय्यतीची हुरमत जिवंत माणसाच्या हुरमतीइतकीच जपावी, ही आपल्याकडची शिकवण आहे. कोठडीत ज्याला नागवे करून मारले, त्याला पडद्यावर पुन्हा नागवे करून मारायचे आणि त्याची तिकिटे विकायची, यात काहीतरी खुपते. शिवाय न्यायालयात प्रकरण अडकलेले असताना पडद्यावर निकाल लावून टाकला, तर त्याचा फायदा बळीलाच होईल असेही नाही. हे आक्षेप मी गंभीर मानतो. पण चित्रपट काढूच नये, इथपर्यंत ते मला नेत नाहीत. काढताना काय होते, हे तपासायला ते मला भाग पाडतात.

अमेरिकेतील एक उदाहरण आधी घेतो, कारण तेथील वाद पुष्कळ स्पष्ट झालेला आहे. १ जानेवारी २००९ च्या पहाटे ओकलंड शहरातील फ्रूटवेल स्थानकाच्या फलाटावर ऑस्कर ग्रँट या बावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला पालथे पाडलेले असताना रेल्वे पोलिसाने पाठीत गोळी घातली. प्रवाशांनी आपल्या मोबाईलवर ते टिपले. विजेचा झटका देणारे शस्त्र काढायचे होते, चुकून पिस्तूल निघाले, असा पोलिसाचा बचाव होता. ज्यूरीने त्याला खुनाबद्दल नव्हे, सदोष मनुष्यवधाच्या सौम्य प्रकाराबद्दल दोषी धरले. शिक्षा दोन वर्षांची झाली आणि २०११ मध्ये तो सुटलाही. रायन कूगलर या तरुण दिग्दर्शकाचा 'फ्रूटवेल स्टेशन' २०१३ मध्ये आला व सनडान्स महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

या चित्रपटाची सुरुवात खऱ्या मोबाईल चित्रणाने होते. म्हणजे शेवट आधीच सांगून टाकला जातो. उरतो तो एक दिवस. आईचा वाढदिवस, मुलीला शाळेत सोडणे, गेलेली नोकरी परत मिळावी म्हणून केलेली विनवणी. मृत्यूचे रहस्य काढून घेतल्यामुळे प्रेक्षकाला जगण्याकडे पाहावे लागते, आणि इथपर्यंत दिग्दर्शकाची दृष्टी अचूक आहे. पण मध्येच एक प्रसंग येतो. रस्त्यावर एका कुत्र्याला गाडी उडवून जाते. ऑस्कर त्याला उचलतो, त्याच्याजवळ बसून राहतो. त्या दिवशी असे काही घडल्याचा आधार नाही, दिग्दर्शकाने ते आपल्याकडून घातलेले आहे. टीकाकारांनी त्यावर बरेच तोंडसुख घेतले : नायकाला संत करण्यासाठी खोटा पुरावा पेरला, म्हणून.

आपल्या परंपरेत हा वाद नवा नाही. हैदराबादेत मुहर्रमच्या मजलिशी ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना मर्सिया ठाऊक आहे. जुलमाने मारल्या गेलेल्यांची नावे घेऊन, त्यांच्या तहानेचा एकेक क्षण सांगून श्रोत्यांना रडवणारे हे काव्य. मीर अनीसांच्या कर्बल्यातील पात्रे लखनौच्या घरंदाज कुटुंबासारखी बोलतात, हा आक्षेप जुना आहे. कमकुवत रिवायती मजलिशीत सांगू नयेत, असे उलेमांनीही पुन्हा पुन्हा बजावले आहे. तरी शिबली नोमानींनी अनीसांवर ग्रंथ लिहिला तो त्यांचा थोरपणा दाखवण्यासाठीच. कारण श्रोता मर्सियाकडे तवारीख म्हणून येत नाही. बाप मुलाचा निरोप घेताना काय बोलला असेल, हे त्याला कवीच्या तोंडून ऐकायचे असते.

मग कूगलरच्या कुत्र्याला मर्सियाची सूट द्यावी काय? माझ्या मते नाही, आणि फरक असा. अनीसांनी घातलेला निरोप मजलुमाचा निर्दोषपणा सिद्ध करण्यासाठी नाही. तो सिद्धच धरलेला आहे. कुत्र्याचा प्रसंग मात्र समोर बसलेल्या साशंक प्रेक्षकाला उद्देशून आहे. पाहा, हा तुरुंगात जाऊन आलेला, गांजा विकलेला मुलगा मनाने वाईट नव्हता! दिग्दर्शक न कळत एक अट मान्य करून बसतो : पाठीत गोळी घालणे चूक ठरायचे असेल, तर ज्याच्या पाठीत घातली तो चांगला असला पाहिजे. याच चित्रपटात तुरुंगातील भेटीचा एक कटू प्रसंग आहे, त्यात ऑस्कर संतापी आणि हट्टी दिसतो. त्या प्रसंगात मला त्या मुलाविषयी जितके वाटले, तितके कुत्र्याच्या प्रसंगात वाटले नाही.

ही अट आपल्या वर्गातही बसलेली असते. पोलिसी मारहाणीचा विषय निघाला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न, "पण सर, त्याने केलं काय होतं?" त्या प्रश्नाला दर वेळी 'काही नाही' असे उत्तर असलेलीच उदाहरणे आपण निवडतो, हा आपलाही कूगलरपणाच.

आता 'जय भीम'. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला हा तमिळ चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी डब केलेल्या आवृत्तीत पाहिला असेल. कडलूर भागात १९९३ साली राजाकन्नू नावाच्या मजुराला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी नेले, कोठडीत तो मेला, आणि तो पळून गेला असे पोलिसांनी सांगितले. त्याच्या पत्नीने वकील के. चंद्रू यांच्या मदतीने मद्रास उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. चंद्रू पुढे त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. दिग्दर्शक ज्ञानवेल यांनी राजाकन्नूचे नाव कायम ठेवले, चंद्रूंचेही ठेवले, पण पत्नीचे नाव बदलले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जमात बदलली. खरा राजाकन्नू कुरवर समाजाचा. पडद्यावरचा इरुळर, साप-उंदीर पकडणारा आदिवासी.

हा बदल लहान वाटतो, पण मला तो सगळ्यात जास्त खटकतो. कुरवर, कोरव ही नावे बेळगाव-विजापूरकडच्या वाचकाला परकी नाहीत. आपल्याकडचे कैकाडीही त्याच कुळीचे मानले जातात. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने या लोकांच्या कपाळावर जन्मजात चोर असा शिक्का मारला आणि कायदा रद्द झाल्यावरही पोलीस ठाण्याच्या स्मरणातून तो गेला नाही. राजाकन्नूला चोरीच्या संशयावरून उचलणे इतके सोपे का होते, याचे उत्तर त्या शिक्क्यात आहे. इरुळरांवरही पोलिसी जुलूम झालेला आहे आणि त्यांची कैफियत मांडण्याचा दिग्दर्शकाचा हेतू प्रामाणिक असेल. पण एका समाजाच्या मयताला दुसऱ्या समाजाच्या वस्तीत नेऊन ठेवले, की ज्यांचा तो होता त्यांच्याकडे काय राहिले? मराठीत लक्ष्मण मानेंचे 'उपरा' किंवा लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचलेल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. गायकवाडांच्या पानांवरचा पोलीस कोणत्या जातीच्या झोपडीत शिरतो, हे त्या मारापासून वेगळे काढता येत नाही.

दुसरी गोष्ट नायकाची. वकिलाच्या भूमिकेत सूर्या हा मोठा नट आहे, निर्माताही तोच. साहजिकच मधल्या भागापासून चित्रपट वकिलाचा होतो. शेवटी तो आरामात वर्तमानपत्र वाचत बसतो आणि राजाकन्नूची लहान मुलगी त्याच्यासारखाच पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते. दृश्य सुंदर आहे, माझ्याही डोळ्यांत पाणी आले. पण प्रत्यक्षात दोषी पोलिसांना शिक्षा होईपर्यंत २००६ साल उजाडले होते, म्हणजे मृत्यूनंतर तेरा वर्षे. ती तेरा वर्षे चित्रपटात नाहीत. खऱ्या पत्नीला सूर्याने दहा लाखांची ठेव जाहीर केली तीही चित्रपट गाजल्यावर, तिच्या हलाखीची चर्चा बाहेर सुरू झाल्यानंतर. मी दानत नाकारीत नाही, पण क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

यावर कोणी म्हणेल, मग खऱ्या नावांच्या भानगडीत पडूच नये, कल्पित कथा लिहावी. 'अर्धसत्य' (१९८३) नाही काय? पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा, निहलानींचे दिग्दर्शन. पोलिसी हिंसेवर आपल्याकडे त्याहून प्रखर चित्रपट थोडेच असतील. पण वेलणकरच्या हातून कोठडीत जो किरकोळ चोर मरतो, त्याचे नाव किती प्रेक्षकांना आठवते? ती फौजदाराची शोकांतिका आहे आणि मेलेला माणूस तिच्यातली एक पायरी आहे. खऱ्या बळीवरचा चित्रपट कितीही चुकला, तरी त्या माणसाला निदान नाव तरी देतो.

बळी जिवंत असेल तर प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. आंध्रात गुंटूरला १९८३ साली पोलिसांच्या हाती सापडलेल्या चंद्रकुमार नावाच्या कामगाराने पुढे रिक्षा चालवली, स्वतः पुस्तक लिहिले, आणि त्याच पुस्तकावरून वेट्रीमारन यांचा 'विसारणै' झाला. आणि अब्दुल वाहिद शेख तर आपल्याच पेशातले. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांनंतर पकडलेला हा शाळाशिक्षक नऊ वर्षे तुरुंगात राहून २०१५ मध्ये निर्दोष सुटला. छळ सोसूनही आपण कबुलीजबाबावर सही केली नाही, असे त्यांनी 'बेगुनाह कैदी' या उर्दू पुस्तकात लिहिले. त्यांच्या हकिकतीवर सुदर्शन गमरे या दिग्दर्शकाचा 'हेमोलिंफ' मे २०२२ मध्ये आला. हेमोलिंफ म्हणजे कीटकाच्या अंगातले रक्त. लाल नसल्यामुळे चिरडले तरी कोणाला ते रक्त वाटत नाही. शीर्षकातच सर्व आले.

या चित्रपटात ठेवणीतला वकील नाही, मोठा नट नाही, पैसाही फारसा नाही, आणि ते जाणवते. पण त्याची किंमत मी दुसऱ्या कारणाने मानतो. तो आला तेव्हा त्याच खटल्यातील इतर बारा जण दोषी ठरलेले होते, पाच जणांना फाशी सुनावलेली होती. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवले आणि कबुलीजबाब अविश्वसनीय मानले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. स्फोटांत मेलेल्या दीडशेहून अधिक प्रवाशांच्या घरच्यांना मात्र खरा गुन्हेगार कोण, हे यातून कळले नाही. तेही या गोष्टीतले मजलूमच आहेत आणि त्यांना जागा देणारा चित्रपट मी अजून पाहिलेला नाही. अरबीत शाहिद म्हणजे साक्षीदार आणि शहीद, दोन्ही एकाच धातूतून येतात. वाहिद शेख यांनी साक्ष दिली, चित्रपटाने ती नोंदवून घेतली. त्याने निकाल दिला असता तर मला ते रुचले नसते.

निकाल घाईने देणारा चित्रपट कसा असतो, हे हैदराबादेत दिसले. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका तरुण पशुवैद्यक महिलेवर अत्याचार करून तिचा खून झाला. ६ डिसेंबरला चारही संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. काही महिन्यांतच राम गोपाल वर्मांनी चित्रपट जाहीर केला आणि मृत मुलीच्या वडिलांना तो थांबवण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. पुढे न्या. सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये जाहीर झाला : गोळीबार जीव घेण्याच्या हेतूनेच झाला, चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. ती मुलगी आणि ती मुले, दोन्हींकडच्या आईबापांना न विचारता त्यांची गोष्ट विकायला निघाली होती.

परभणीच्या ख्वाजा युनूसवर मात्र कोणताही गाजलेला चित्रपट निघालेला नाही. सत्तावीस वर्षांचा हा अभियंता घाटकोपर स्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला आणि जानेवारी २००३ नंतर कोणाला दिसला नाही. औरंगाबादला नेताना जीप दरीत कोसळली व तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. कोठडीत त्याला विवस्त्र करून मारताना पाहिल्याची साक्ष एका सहआरोपीने दिली. चार पोलिसांवर खटला झाला. त्याच्या निकालाची त्याच्या आईने दोन दशकांहून अधिक काळ वाट पाहिली. मृतदेह सापडलाच नाही.

त्याच्यावर चित्रपट काढायचा तर दिग्दर्शकाला ठरवावे लागेल की कोठडीच्या दाराशी कॅमेरा थांबवायचा की आत न्यायचा. आत नेला, तर तिथे काय झाले ते त्याला बनवावे लागेल, आणि बनवलेले ते आईला पाहावे लागेल. दाराशी थांबला, तर पोलिसांची जीप, दरी, आणि परभणीच्या घरात दफनाशिवाय चाललेली वर्षे एवढेच त्याच्या हाती उरते. मला वाटते, तेवढ्यात चित्रपट होतो. पण आधी परभणीला जाऊन त्या घराचे दार वाजवले पाहिजे.