मध्यमवयातील योगसाधना आणि बोधनिक आरोग्य : एका संशोधनाचे चिकित्सक वाचन



‘योग केल्याने स्मरणशक्ती वाढते’ हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. ते खरे की खोटे, असा प्रश्न या पाठात आपण विचारणार नाही. हे वाक्य कोणत्या तुलनेवर उभे आहे, एवढेच पाहणार आहोत. हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही. तुमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील आज पंचेचाळीस ते पंचावन्नच्या आसपास असतील. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी ओठावर येत नाही, अशा तक्रारी घरात सुरू झाल्या असतील, आणि त्यावर योगाचा सल्लाही कोणीतरी दिला असेल.

आधी एक शंका दूर करू. घसरण म्हातारपणीच सुरू होते, असा समज आहे. ब्रिटनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर चाललेल्या ‘व्हाइटहॉल २’ या दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यात ४५ ते ४९ या वयात चाचणी दिलेल्यांचे तर्कशक्तीचे गुण पुढील दहा वर्षांत सुमारे ३.६ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. ही घट रोजच्या व्यवहारात जाणवणारही नाही इतकी लहान आहे. हा आकडा पाठातील पुढच्या युक्तिवादासाठी लागणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा : दहा वर्षांत एवढीशी घट.

आता मुख्य संशोधनाकडे वळू. योग आणि बोधनिक कार्ये यांवरचे पुष्कळ अभ्यास एकतर तरुणांवर, नाहीतर साठीपुढच्यांवर झालेले आहेत. मधल्या वयावरचे फार थोडे. त्यांपैकी एक बेंगळुरूमध्ये झाला आणि २००८ साली स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या, ४० ते ५५ वयाच्या १२० स्त्रियांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली होती. एका गटाने सूर्यनमस्कार, प्राणायाम आणि आवर्तन ध्यान केले, दुसऱ्याने साधे शारीरिक व्यायाम. दोन्ही गटांना रोज एक तास, आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे, आणि दोन्हीकडे प्रशिक्षित शिक्षक. आधी व नंतर दोन चाचण्या झाल्या : ठरावीक अक्षरे शोधून खोडण्याची लक्षाची चाचणी आणि दहा उपचाचण्यांची स्मृती मापनी.

या आराखड्याचे कौतुक करायलाच हवे. योगावरच्या कित्येक अभ्यासांत नियंत्रित गट नुसता घरी बसलेला असतो. मग फरक दिसला तर तो आसनांचा, की घराबाहेर पडून चार माणसांत मिसळण्याचा, की शिक्षकाने आपुलकीने चौकशी करण्याचा, हे सांगता येत नाही. इथे दोन्ही गटांना समान वेळ आणि समान लक्ष मिळाले. योगगटात लक्ष व स्मृती यांत अधिक सुधारणा झाली, शिवाय अंगातून गरम वाफा येणे, रात्री घाम फुटणे हे त्रासही कमी झाले.

आता दुसरी बाजू. व्यायाम करणाऱ्या गटातही स्मृतीच्या बऱ्याच उपचाचण्यांत सुधारणा झाली होती. बातमी करताना हे वाक्य नेमके गळते. तीच चाचणी दोन महिन्यांनी पुन्हा दिली की गुण थोडे वाढतातच. याला आपण सरावाचा परिणाम म्हणतो. म्हणजे योगगटाच्या सुधारणेतला काही भाग सरावाचा, काही निव्वळ हालचालीचा, आणि उरला तो योगाचा. ‘योगाने स्मृती सुधारली’ आणि ‘व्यायामापेक्षा योगाने थोडी जास्त सुधारली’ या दोन वाक्यांतले अंतर तुम्हाला उत्तरपत्रिकेत दाखवता आले पाहिजे.

माझ्या मते याहून महत्त्वाचा मुद्दा झोपेचा आहे. जी स्त्री रात्री तीनदा घामाने भिजून उठते, तिचे दुसऱ्या दिवशी अक्षरे खोडण्यात लक्ष कसे लागणार? घाम कमी झाला, झोप लागली, लक्ष सुधारले. ही साखळी खरी असेल, तर योगाने मेंदूचे वय कमी केले असे म्हणता येत नाही, एक त्रास दूर केला असे म्हणता येते. त्या स्त्रीच्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नव्हे. पण मग हा निष्कर्ष असा त्रास नसलेल्या तिच्या नवऱ्याला, तिच्या अविवाहित दिराला किंवा पन्नाशीच्या कोणालाही सरसकट लावता येणार नाही.

हे संशोधन योगाचा प्रसार करणाऱ्या संस्थेच्याच केंद्रांवर, तिच्याच अभ्यासकांनी केले, हेही नोंदवा. यात अप्रामाणिकपणाचा आरोप नाही. मात्र योगकेंद्रात स्वतःहून आलेल्या स्त्रीला ‘तुम्ही व्यायामाच्या गटात’ असे सांगितले, तर तिच्या अपेक्षेचे काय होते, याचा विचार करा. औषधाच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते, खोटे सूर्यनमस्कार कसे देणार?

तुलना बदलली की निष्कर्ष कसा बदलतो, याची आणखी दोन उदाहरणे. अमेरिकेत इलिनॉय येथे सरासरी ६२ वयाच्या ११८ जणांवर झालेल्या २०१४ च्या अभ्यासात आठ आठवड्यांचा हठयोग आणि ताणाचे व बळकटीचे व्यायाम यांची तुलना होती, आणि कार्यकारी कार्यांत योगगट पुढे गेला. लॉस एंजेलिस येथे ५५ च्या पुढच्या, सौम्य बोधनिक दुर्बलता असलेल्या ८१ जणांवर झालेल्या अभ्यासात मात्र कुंडलिनी योगाची तुलना स्मृतिप्रशिक्षणाशी केली. स्मृती दोन्ही गटांत सुधारली, कार्यकारी कार्यांत सुधारणा योगगटात दिसली. उलट, बेंगळुरूच्या निमहान्समध्ये सहा महिन्यांच्या योगानंतर हिप्पोकॅम्पसचे आकारमान वाढल्याचे २०१३ साली नोंदवले गेले, पण तिथे सहभागी होते सात, आणि नियंत्रित गट नव्हताच. ही प्राथमिक पाहणी होती. तिला पुरावा म्हणून ठिकठिकाणी उद्धृत करणाऱ्यांनी सातचा आकडा सोबत द्यायला हवा.

आता तो ३.६ टक्क्यांचा आकडा पुन्हा घ्या. दहा वर्षांत होणारी इतकी बारीक घट योगाने थांबते का, हे आठ आठवड्यांच्या प्रयोगाला दिसूच शकत नाही. त्यासाठी शेकडो माणसे आणि दहा-पंधरा वर्षे हवीत.

अशी चिकित्सा म्हणजे परंपरेचा अनादर, असे कोणी म्हणेल. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात दाब किती बदलतो, हे त्यांनी उपकरणांनी मोजले, क्ष-किरणांनी तपासले. योगाला मोजपट्टी लावण्याची सुरुवात योग्यांनीच केली आहे.

घरी कोणी विचारले तर काय सांगाल? योग जरूर करा, सांधे-पाठ सांभाळून करा. पण विसराळूपणा अचानक वाढला असेल तर थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व, रक्तदाब, झोप आणि ऐकू येणे यांची तपासणी योगवर्गाच्या भरवशावर पुढे ढकलू नका. स्मृतिभ्रंशावरील लॅन्सेट आयोगाने २०२४ साली १४ बदलता येण्याजोगे धोके सांगितले. त्यांत मध्यमवयातील उच्च रक्तदाब आणि कमी ऐकू येणे ही दोन्ही आहेत, शारीरिक निष्क्रियताही आहे.

पुढील तासाला येताना योगावरील कोणत्याही एका अभ्यासाचा सारांश आणा. पहिल्या ओळीत निष्कर्ष लिहू नका, नियंत्रित गटाने काय केले ते लिहा.