जाड अक्षराचे पोट

दिवाळीचा फराळ संपत आला, की झाडीपट्टीला नाटकांचे वेध लागतात. भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके रंगतात आणि वडशाच्या नाटकमंडळ्यांची नावे गावोगाव झळकतात. समजा, असाच एक फलक मुलचेऱ्याला रस्त्याकडेला लागला आहे. वाचणारा सायकलवरून चालला आहे. कदाचित त्याच्या घरी बंगाली किंवा गोंडी बोलली जाते. त्याला थांबवायचे, तर अक्षर ठसठशीत हवे, यात वाद नाही. परंतु ठसठशीत म्हणजे नुसते जाड काय?

‘पॉपिन्स’ हा टाइप पाहताना हा प्रश्न हटकून मनात येतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा संगणकी टाइप २०१४ सालचा. त्यातील देवनागरी निनाद काळे यांची, रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांची. अक्षरे भूमितीवर बेतलेली आहेत : ‘व’चे पोट कंपासाने काढावे तसे, काना पट्टीने ओढावा तसा. अगदी बारीकपासून काळ्याकुट्टापर्यंत जाडीच्या ९ पायऱ्या आहेत. बोरूच्या तिरप्या टोकाने अक्षराला येणारा जाड-बारीक चढउतार येथे जवळजवळ नाही. मात्र दोन रेघा मिळतात तेथे, सांध्यात शाई साचल्यासारखे दिसू नये म्हणून, जाडी हलकेच कमी केली आहे. कंपासापेक्षा डोळ्याला अधिक मान दिला, यातच या रचनेचे खरे कसब आहे.

कारण जाड अक्षर जगते ते आपल्या पोटातील पांढऱ्या जागेवर. रेघ फुगली की ही जागा आकसते. ‘ग’, ‘र’, ‘न’ यांना ते सोसते. ‘क्ष’, ‘झ’, ‘ष्ठ’ यांचा जीव मात्र गुदमरतो. म्हणून सर्वांत जाड पायरी एखाद-दुसऱ्या शब्दापुरतीच शोभते. सगळा फलक तीत जुळवला, तर सर्वच ओरडतात आणि कोणाचेच ऐकू येत नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) नाटकांची नावे हाताने रेखीत, तेव्हा अक्षराच्या वळणातूनच नाटकाची जात ओळखू येई. पॉपिन्सला हे साधत नाही. प्रहसन असो की शोकांतिका, त्याचा चेहरा तोच. हा त्याचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याचे काम निराळे आहे. दोष असेल, तर त्याला भलत्या कामाला जुंपणाऱ्याचा.

तेव्हा तारीख, वेळ आणि गाव खुशाल या टाइपात छापावे. नाटकाचे नाव मात्र कुणा जाणत्या हाताकडून लिहवून घ्यावे. म्हणजे मुलचेऱ्याच्या त्या सायकलस्वाराला एका नजरेत दोन्ही कळेल : आज रात्री कुठे जायचे, आणि जाताना खिशात रुमाल ठेवायचा की नाही!