मराठी मालिकांतील वास्तवाभास आणि अंतर्गत सुसंगती : एक आस्वादलक्ष्यी विचार

प्रस्तावना :

मराठी दूरचित्रवाणी मालिकांविषयी बोलताना 'असे कुठे घडते का?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. अभ्यासकांच्या लेखी हा प्रश्न भाबडा ठरतो. करमणुकीकडून वास्तवाची अपेक्षा कशाला, असे उत्तर त्यावर दिले जाते. तथापि हाच प्रेक्षक भुताखेतांची मालिका रस घेऊन पाहतो आणि साध्या कौटुंबिक मालिकेतील एखाद्या प्रसंगावर मात्र 'हे काही पटत नाही' असा निर्वाळा देतो. ही विसंगती वरवरची आहे. प्रेक्षकाचा रसभंग होतो तो बहुधा कथेने स्वतःच घालून दिलेले नियम मोडले जातात तेव्हा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी २०१३ ते २०२१ या कालखंडातील झी मराठी वाहिनीवरील निवडक मालिका विचारात घेतल्या आहेत.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी :

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात संभाव्य वाटणारी अशक्य गोष्ट ही शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा श्रेयस्कर मानली आहे. भरताने लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे प्रयोगाचे दोन प्रकार सांगितले आणि दोन्हींना रसनिष्पत्तीस समर्थ मानले. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने 'औचित्य' हेच काव्याचे जीवित ठरविले. या तिन्ही विचारांत लोकव्यवहाराशी साम्य असणे आणि कलाकृतीच्या अंगभूत नियमांशी प्रामाणिक असणे या दोन गोष्टींतील भेद सूचित होतो. पहिलीला आपण वास्तवाभास आणि दुसरीला अंतर्गत सुसंगती म्हणू. डच अभ्यासक इएन आंग यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी 'डॅलस' या अमेरिकन मालिकेच्या प्रेक्षकांची पत्रे अभ्यासून 'भावनिक वास्तव' ही संकल्पना मांडली. धनाढ्य तेलसम्राटांचे जग परके असले तरी त्यातील दुःख प्रेक्षकांना खरे वाटत होते. पुढे १९८६ मध्ये याच मालिकेने मृत दाखविलेल्या पात्राला परत आणण्यासाठी संपूर्ण वर्षाचे कथानक स्वप्न ठरविले. हा निर्णय आजही कथाविश्वासाच्या भंगाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो.

ग्रामीण वास्तवाचे आगमन :

प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या 'बार्क' या संस्थेने ऑक्टोबर २०१५ पासून ग्रामीण भागाची आकडेवारी देण्यास सुरुवात केली. त्यानंतर अल्पावधीत सिंधुदुर्गातील 'रात्रीस खेळ चाले' (२०१६), कोल्हापूरकडील 'तुझ्यात जीव रंगला' (२०१६) आणि साताऱ्याकडील 'लागिरं झालं जी' (२०१७) या मालिका आल्या. हा क्रम निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. आपला मुलूख पडद्यावर आला तो बाजारपेठ म्हणून; पण त्याबरोबर त्याची बोलीही आली, हे नाकारता येत नाही. विटा परिसरातील कितीतरी कुटुंबे गलाई व्यवसायानिमित्त देशभर विखुरलेली आहेत. अशा कुटुंबांना गावाकडचा हेल पडद्यावर ऐकण्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक होय. वास्तवाभासाचा हा आनंद खराच आहे. परंतु तो ओळखीचा आनंद असल्याने लवकर ओसरतो. पुढचे भाग पाहण्यासाठी कथेला दुसरा आधार लागतो.

'लागिरं झालं जी'ला तो आधार बराच काळ लाभला. सैन्यात भरती होण्याचे स्वप्न अजिंक्यच्या वागण्याला दिशा देते. त्याचे प्रेम, मैत्री आणि घरातील ताण या स्वप्नाशी बांधलेले आहेत. 'अपशिंगे मिलिटरी'सारखे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तेथील प्रेक्षक ही धडपड बारकाईने जोखणारच. येथे वास्तवाभास आणि सुसंगती परस्परांना पूरक ठरतात.

सुसंगतीचा कस :

'रात्रीस खेळ चाले' अंधश्रद्धा पसरविते, असा आक्षेप घेतला गेला. सामाजिक दृष्टीने त्याची चर्चा अवश्य व्हावी. आस्वादाच्या दृष्टीने मात्र या मालिकेने आपला करार आरंभीच जाहीर केला होता. अण्णा नाईकांच्या मृत्यूने कथा उघडते आणि वाड्यातील भय हाच तिचा नियम ठरतो. २०१९ मध्ये पूर्वकथा सांगणारे दुसरे पर्व आले, तेव्हा अण्णांचा शेवट प्रेक्षकाला ठाऊक होता. तरीही 'काय झाले' याऐवजी 'कसे झाले' याची उत्सुकता टिकली.

याउलट 'तुला पाहते रे' (२०१८-१९) विशीतील ईशा आणि चाळिशीतील उद्योगपती विक्रांत सरंजामे यांच्या वयातील अंतराचा सामाजिक प्रश्न घेऊन आली. पुढे विक्रांत खलनायक ठरला आणि ईशा ही त्याच्या पहिल्या पत्नीचा, राजनंदिनीचा पुनर्जन्म निघाली. पुनर्जन्म हा भारतीय कथापरंपरेला परका विषय नाही. दोष पुनर्जन्मात नाही. वयातील अंतराविषयी उभा केलेला प्रश्न अनुत्तरित ठेवून कथेने जातकुळीच बदलली, यात आहे.

'होणार सून मी ह्या घरची' (२०१३-१६) या मालिकेतील जान्हवीचे लांबलेले गरोदरपण सर्वत्र चेष्टेचा विषय झाले. घरगुती काळाचे गणित मांडणाऱ्या कथेने नऊ महिन्यांचा हिशेब चुकविला, तर प्रेक्षक तो बोटांवर मोजणारच.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. 'माझ्या नवऱ्याची बायको'मध्ये शनायाची भूमिका रसिका सुनील यांच्याकडून ईशा केसकर यांच्याकडे गेली आणि नंतर पुन्हा रसिका सुनील यांच्याकडे आली. चेहरा बदलणे हा वास्तवाचा उघड भंग आहे; तरीही शनायाचा स्वभाव तोच राहिल्याने कथेचा धागा तुटला नाही. 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये २०१९ साली भोळ्या राणाला दूर सारून त्याच अभिनेत्याला 'राजा राजगोंडा' या सर्वस्वी निराळ्या रूपात आणले गेले. चेहरा कायम राहिला. परंतु ज्या साधेपणावर प्रेक्षकाचा जीव जडला होता, तोच हरवला. प्रेक्षकाचा विश्वास चेहऱ्यापेक्षा स्वभावाला बांधलेला असतो, हे यावरून दिसते.

वास्तवाचा दाखला देऊनही हे काम भागत नाही. वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडावर 'देवमाणूस' (२०२०-२१) बेतलेली होती. घटना प्रत्यक्षात घडली होती. पण एवढ्या हत्यांनंतरही गाव अनभिज्ञ कसे राहते, हे कथेला पुन्हा नव्याने पटवून द्यावे लागते. 'हे खरेच घडले आहे' हा बचाव न्यायालयात चालेल, कथेत चालत नाही.

आक्षेप आणि विचार :

रोज एक भाग चित्रित करणाऱ्या, साप्ताहिक आकडेवारीवर भवितव्य ठरणाऱ्या मालिकेकडून सुसंगतीची अपेक्षा अवाजवी आहे, असे म्हटले जाते. तीन हजारांहून अधिक भागांच्या 'चार दिवस सासूचे'चे उदाहरण येथे डोळ्यांसमोर येते. अडचण खरी आहे. मात्र दीर्घतेचा अर्थ मनमानी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली महाभारताची कथाही भीष्माला त्याची प्रतिज्ञा विसरू देत नाही.

निष्कर्ष :

वास्तवाभास प्रेक्षकाला कथेपाशी आणतो. अंतर्गत सुसंगती त्याला तेथे टिकवून ठेवते. ग्रामीण मालिकांच्या बाबतीत या भेदाला अधिक महत्त्व आहे. बोली, तालीम, वाडा एवढेच 'अस्सल' ठेवून माणसांचे स्वभाव आकडेवारीप्रमाणे फिरविले, तर ग्रामीण माणूस हा केवळ पेहराव उरतो. मालिकेचे हसे होताना त्याचेही हसे होते. म्हणून समीक्षेने 'हे वास्तव आहे का?' या प्रश्नावर न थांबता 'ही कथा आपला शब्द पाळते का?' असे विचारावयास हवे. सामान्य प्रेक्षक हे फार पूर्वीपासून विचारीत आला आहे.