पुनरुत्थान : मार्काचे मौन आणि पौलाचा युक्तिवाद

चार शुभवर्तमानांपैकी मार्ककृत शुभवर्तमान सर्वांत जुने असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ. स. ७० च्या आसपास रचलेल्या या ग्रंथाचा शेवट मोठा चमत्कारिक आहे. शब्बाथ सरल्यावर मग्दालिया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे या तिघी सुगंधी द्रव्ये घेऊन पहाटे कबरेकडे जातात. धोंड बाजूला लोटलेली असते. आत शुभ्र वस्त्र नेसलेला एक तरुण बसलेला असतो. येशू उठला आहे, तो शिष्यांच्या आधी गालिलात जात आहे, हे तो त्यांना सांगतो आणि शिष्यांना तसे कळविण्याची आज्ञा करतो. स्त्रिया भयाने पळून जातात व कोणालाही काही सांगत नाहीत. येथे ग्रंथ संपतो. उठलेला ख्रिस्त वाचकाला कोठेही दिसत नाही. मूळ ग्रीकमधील अखेरचा शब्द तर केवळ कारण दर्शविणारे एक अव्यय आहे.

चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही प्रख्यात हस्तलिखितांत ग्रंथ याच ठिकाणी थांबतो. व्हॅटिकन प्रतीच्या लेखकाने तर पुढचा एक स्तंभ कोरा सोडला आहे. सोळाव्या अध्यायाची नववी ते विसावी ही वचने, ज्यांत ख्रिस्ताची दर्शने व स्वर्गारोहण येते, ती दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात परिचित होती; पण त्यांची भाषा मार्काची नव्हे, आणि त्यांतील मजकूर इतर शुभवर्तमानांतून वेचल्यासारखा वाटतो. याखेरीज आणखी एक आटोपशीर समारोपही काही प्रतींत आढळतो. मार्काचे शेवटचे पान हरवले असावे, असा तर्क पुष्कळांनी केला आहे. तो अशक्य नाही. परंतु ज्या ग्रंथात शिष्य पदोपदी गोंधळतात, पळतात आणि चुकीचे समजतात, त्याचा शेवट भयभीत मौनात व्हावा हे त्या ग्रंथाच्या प्रकृतीला विसंगत नाही. नंतरच्या नकलाकारांना तो शेवट सोसवला नाही, एवढे मात्र निश्चित.

मान्यताप्राप्त शुभवर्तमानांपैकी एकातही उठण्याच्या प्रत्यक्ष क्षणाचे वर्णन नाही. ते हवे असल्यास पेत्राच्या नावावर मोडणाऱ्या, चर्चने न स्वीकारलेल्या ग्रंथाकडे वळावे लागते. ईजिप्तमधील अखमीम येथे १८८६-८७ च्या सुमारास त्याचा एक खंड उपलब्ध झाला. त्यात आकाशाला भिडणाऱ्या उंचीचे पुरुष कबरेतून बाहेर येतात आणि त्यांच्यामागून येणारा क्रूस बोलतो. ते वाचल्यावर मार्काच्या संयमाची किंमत कळते.

मग ज्या घटनेचे वर्णनच नाही, तिच्यावर एवढी मोठी श्रद्धा उभी कशी राहिली? याचे उत्तर शुभवर्तमानांहून जुन्या लेखनात शोधले पाहिजे. पौलाने करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र इ. स. ५४-५५ च्या सुमाराचे, म्हणजे मार्काच्या सुमारे पंधरा वर्षे आधीचे. त्याच्या पंधराव्या अध्यायातील वाद नीट पाहण्यासारखा आहे. ख्रिस्त उठला, हे करिंथच्या मंडळीला मान्यच होते. त्यांच्यातील काहींना अमान्य होते ते मृतांचे पुनरुत्थान. ग्रीक संस्कारात वाढलेल्या मनाला देहाचे पुन्हा उठणे ही कल्पना ओबडधोबड वाटली असल्यास नवल नाही. पौलाने त्यांना ही सोयीची वाटणी करू दिली नाही. मृत उठतच नसतील तर ख्रिस्तही उठलेला नाही. आणि तो उठला नसेल तर आपला उपदेश फोल, श्रद्धा फोल, आणि आपण देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. आपल्या धर्माचा पाया कोठे हाणला म्हणजे ढासळेल, हे स्वतःच बोट ठेवून दाखविणारे असे धर्मग्रंथांतील लेखन विरळाच.

या युक्तिवादाचे मर्म पौलाच्या शेतीच्या दृष्टांतात आहे. ख्रिस्त हे त्याच्या मते हंगामाचे पहिले कणीस. पहिले कणीस हाती आले याचा अर्थ शेत पिकले आहे. म्हणून ख्रिस्ताचे उठणे हा एका पुण्यपुरुषाला मिळालेला खासगी पुरस्कार नव्हे. सारे पीक येणारच नसेल, तर त्या एका कणसाला काही अर्थ उरत नाही. ख्रिस्ती श्रद्धेतील पुनरुत्थानाचे महत्त्व केवळ चमत्काराच्या भव्यतेत शोधणारे याच ठिकाणी चुकतात.

मराठी वाचकाची चूक निराळ्या दिशेने होण्याचा संभव अधिक. ‘पुनरुत्थान’ हा शब्द कानावर पडताच शेजारचा ‘पुनर्जन्म’ आठवतो, किंवा अविनाशी आत्म्याने जुना देह टाकल्याची कल्पना मनात येते. दोन्ही येथे गैरलागू आहेत. पौल ज्याला आत्मिक शरीर म्हणतो, ते सांख्यांचे लिंगशरीरही नव्हे. कारण लिंगशरीर मृत्यूनंतर टिकून राहते, तर पौलाचे शरीर बीजाप्रमाणे मरून नव्याने दिले जाते. ऑस्कर कुलमन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात हाच भेद सॉक्रेटिस आणि येशू यांच्या मृत्यूंची तुलना करून मांडला. सॉक्रेटिस शांतपणे विषाचा पेला घेतो, कारण मृत्यू त्याला सुटका वाटतो. गेथशेमाने बागेत येशू व्याकुळ होतो, कारण त्याच्या दृष्टीने मृत्यू हा शत्रू आहे. ग्रीक विचाराचे कुलमन यांनी केलेले चित्र काहीसे एकरंगी आहे, तरी भेद खरा आहे.

विसाव्या शतकात रूडोल्फ बुल्टमान यांनी १९४१ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात पुनरुत्थानाला क्रूसाच्या अर्थाची अभिव्यक्ती मानले. इतिहासाच्या हाती लागते ती केवळ शिष्यांची श्रद्धा. ही वाट आधुनिक मनाला सुखाची आहे. अडचण पौलाचीच आहे. तो केफा, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब आणि सर्वांत शेवटी स्वतः अशी साक्षीदारांची यादीच देतो, त्यांतले बहुतेक अद्याप जिवंत असल्याचेही सांगतो. बुल्टमान यांनी पौलाचा हा प्रयत्न ओळखला होता आणि तो त्यांना घातक वाटला होता. त्यांचा प्रामाणिकपणा मान्य करूनही म्हणावे लागते की, पौलाचे तात्पर्य राखून त्याची साक्ष सोडून देता येत नाही. उलट बाजूस व्होल्फहार्ट पानेनबर्ग यांनी १९६४ मध्ये ही घटना इतिहासाच्या कसोटीवर उतरते, असे प्रतिपादन केले. तेथे कसोटीवर फार भार पडला आहे.

पौलाच्या यादीत कबरेवरच्या त्या तीन स्त्रिया नाहीत. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असा नियम योसेफसने नोंदविला आहे. तेव्हा कथा रचणाऱ्याने साक्षीसाठी स्त्रिया निवडल्या नसत्या, हा युक्तिवाद वारंवार केला जातो. त्यातून परंपरेचे प्राचीनत्व सूचित होते, घटना सिद्ध होत नाही. मार्काने मात्र त्याच तिघींना शेवटपर्यंत ठेवले, आणि त्यांनी कोणाला काहीच सांगितले नाही असे लिहून लेखणी खाली ठेवली.