विलास सारंग यांचे थंड वाक्य

विलास सारंग यांची कथा मराठीत असूनही अनुवादासारखी वाटते आणि तिच्यातला अतिवास्तववाद पॅरिसहून आणलेला आहे, असे मी बरीच वर्षे मानत होतो. ते मत मी येथे मागे घेत आहे.

सारंग (1942–2015) मूळचे कारवारचे, व्यवसायाने इंग्रजीचे प्राध्यापक. 'सोलेदाद' (1975) हा त्यांचा कथासंग्रह. इराकमध्ये बसऱ्याला त्यांनी अध्यापन केले. 'एन्कीच्या राज्यात' (1983) ही कादंबरी त्या मुलुखात घडते. पाश्चात्त्य ऋण त्यांनी कधी लपवले नाही. 'सिसिफस आणि बेलाक्वा' या समीक्षाग्रंथाच्या नावातच काम्यू आणि बेकेट आहेत.

पण आंद्रे ब्रेताँ यांच्या 1924 च्या जाहीरनाम्यात स्वप्नाला जे स्थान आहे, ते सारंगांकडे नाही. ब्रेताँना मानणारे फ्रेंच कादंबरीकार ज्युलियाँ ग्राक लांब, धुकट वाक्यांतून वाचकाला हळूहळू स्वप्नात नेतात. सारंग वाचकाला जागाच ठेवतात. एम. चक्को या गृहस्थांच्या मुलाखतीची त्यांची कथा घ्या. बेटावरच्या स्त्रियांना अर्धेच शरीर आहे, आणि ही हकीकत येते कोरड्या प्रश्नोत्तरांतून. अशक्य ते घडते, पण वाक्याचा आवाज चढत नाही.

त्यांच्या दुसऱ्या एका कथेत विसर्जनाच्या दिवशी गणपतीच्या मूर्ती जिवंत होऊन बंड करतात. हा मला पूर्वी आयात केलेला चमत्कार वाटे. मी राहतो खोताच्या वाडीत. चौपाटी पायी जाण्याच्या अंतरावर. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेलो, की ओहोटीच्या वाळूत सोंडा, हात, मुकुट पडलेले दिसतात. आदल्या रात्री त्यांच्यापुढेच आपण हात जोडलेले असतात. हे दृश्य पाहून ती कथा पुन्हा वाचली आणि वाटले, सारंगांनी रीत बाहेरून घेतली, ऐवज इथलाच आहे. भावुक मराठीत ही कथा एकतर भक्तीची झाली असती, नाहीतर टवाळीची. अनुवादासारख्या वाटणाऱ्या त्या थंड वाक्यानेच ती दोन्हींतून वाचवली.

एक आक्षेप मात्र उरतो. मूर्तींना बंड करता येते. चक्कोच्या बेटावरच्या स्त्रियांबद्दल आपल्याला पुरुषच सांगतो. इथे लेखक पुरुषी नजर उघडी पाडतो आहे, की तिच्यातच सामील आहे? वाक्य इतके निर्विकार, की दोन्ही अर्थ निघतात. सारंगांची ताकद आणि त्यांची मर्यादा मला या एकाच जागी दिसते.