सौम्यता आणि ‘स्मृतिचित्रें’

गिरिप्रवचनांत येशूनें पृथ्वीचें वतन सौम्य जनांस देऊं केलें आहे. परंतु सौम्यता म्हणजे निमूटपणें सोसणें, एवढाच अर्थ आपल्याकडे सामान्यतः घेतला जातो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चे कित्येक वाचकही ‘बिचाऱ्या बाई!’ म्हणून पुस्तक मिटून मोकळे होतात.

आम्हांस हें मत मान्य नाहीं. रेव्हरंड टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं. मधल्या काळांत विरह, लोकनिंदा, परावलंबन हें सर्व त्यांच्या वांट्यास आलें. पुढें पतीजवळ राहावयास आल्यावरही त्यांनीं सोंवळें सोडलें नाहीं. स्वयंपाक वेगळा ठेविला. जातिभेद मनुष्यकृत आहे अशी स्वतःची खात्री पटली तेव्हांच तो गेला, आणि बाप्तिस्मा तर त्याच्याही मागून आला. केवळ पतीच्या शब्दाखातर धर्म बदलणारी ही बाई नव्हे.

शुभवर्तमानांतील मूळ ग्रीक शब्द झेनोफननें माणसाळलेल्या शिंगरासही लाविला आहे. शिंगरूं माणसाळलें म्हणून त्याचें बळ कांहीं कमी होत नाहीं.

याच दृष्टीनें या पुस्तकांतील विनोद पाहावा. टिळकांचा तापट स्वभाव, त्यांचा विसराळूपणा, घरांत कांहीं नसतां दुसऱ्यास देऊन टाकण्याची संवय, यांपैकीं कांहींच त्या झांकीत नाहींत. पण सांगतांना स्वर कडवट होत नाहीं. स्वतःच्या फजितीलाही त्या तितक्याच मोकळेपणानें हसतात. टिळक १९१९ सालीं वारले, आणि ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. जाब विचारावयास कोणी उरलें नसतां लिहिलेलें हें पुस्तक आहे, ही गोष्ट आमच्या टीकाकारांनीं ध्यानांत घेतलेली दिसत नाहीं.