ख्यालगायनाची मैफल आणि ध्वनी-प्रकाशसाधनांची निवड : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ख्यालगायन हे मूलतः दिवाणखान्यातील, मोजक्या श्रोत्यांसमोर फुलणारे संगीत होय. विसाव्या शतकात ते नाट्यगृहात आणि मांडवात आले. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या उपक्रमांनी त्यास हजारो श्रोते मिळवून दिले. ध्वनिवर्धनाशिवाय हे शक्य नव्हते. मात्र संगीतसमीक्षेत राग, बंदिश व घराणे यांची जितकी चर्चा होते, तितकी गायक आणि श्रोता यांच्यामध्ये उभ्या असलेल्या यंत्रणेची होत नाही. या यंत्रणेच्या निवडीमागील निकषांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ध्वनिसाधने :
आयोजकांचा पहिला प्रश्न बहुधा 'किती वॅट?' हा असतो. हा निकष फसवा आहे. वॅट दुप्पट केल्याने ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाल्यास ती सुमारे ६ डेसिबलने घटते. म्हणजेच दोन बलाढ्य ध्वनिवर्धकांनी पुढच्या रांगा बधिर होतात आणि मागच्या रांगा उपाशीच राहतात. मोठ्या मांडवात लहान ध्वनिवर्धक टप्प्याटप्प्याने लावून त्यांना योग्य विलंब देणे हा यावरील शास्त्रीय उपाय होय. ध्वनीला एक मीटर जाण्यास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. तीस मीटरवरील ध्वनिवर्धकास हा विलंब न दिल्यास तोच स्वर दोनदा ऐकू येतो आणि तानेचे दाणे एकमेकांत मिसळतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न तानपुऱ्याचा आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की, तानपुऱ्याच्या वक्र घोडीमुळे, सामान्य तारेत छेडण्याच्या जागेमुळे जे स्वरांश लोपावेत, तेही त्यात ऐकू येतात. जवारीचे सौंदर्य या स्वरांशांत आहे आणि गायकाचा सूर त्यांच्याच आधाराने स्थिरावतो. प्रत्यक्षात मात्र उत्तम ध्वनिक्षेपक गायकापुढे, त्याखालोखाल तबल्यापुढे आणि उरलासुरला तानपुऱ्यापुढे असा क्रम आढळतो. तानपुरा ऐकू येईना की गायक मॉनिटर वाढवावयास सांगतो, मग तबलावादकही तेच मागतो. अखेरीस यंत्रणा शिट्टी मारू लागते. दोष कलाकाराचा नसून निवडीच्या क्रमाचा असतो.

मोठ्या आवाजाची सवय श्रोत्यांनाच झाली आहे, असा एक युक्तिवाद केला जातो. तो अंशतः खरा असला, तरी ती सवय यंत्रणेनेच लावली आहे, हे विसरून चालणार नाही. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार खुल्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिवर्धकास सामान्यतः मनाई आहे. त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या खुल्या मैफली आणि त्यांसोबत उत्तररात्रीचे राग मागे पडले. ध्वनिवर्धनाने मैफलीला श्रोते दिले, पण ध्वनिवर्धनावरील अवलंबित्वाने तिची वेळ हिरावून घेतली.

प्रकाशसाधने :
हॅलोजन दिव्यास मिळणाऱ्या विजेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो. हजार वॅटचे दिवे जवळून रोखल्यास तबल्याची पुडी कोरडी होऊन सूर चढतो, तर तानपुऱ्याच्या तारा तापून उतरतात. दोन्ही वाद्ये विरुद्ध दिशांना सरकतात आणि दर रचनेनंतर सूर जुळवण्यात वेळ जातो. डिमरच्या वायरी ध्वनिक्षेपकाच्या वायरींलगत नेल्यास गुणगुण ऐकू येते, ती वेगळीच. एलईडी दिव्यांनी उष्णतेचा प्रश्न बराचसा सोडवला. तथापि काही दिव्यांतील पंख्यांचा आवाज आलापीच्या शांततेत जाणवतो, आणि सतत बदलणारे रंगीत झोत समेपूर्वीची गायक-वादकांची नजरभेट अवघड करतात. चेहरे व हात स्पष्ट दिसतील असा स्थिर, उबदार प्रकाश ख्यालास पुरेसा असतो.

निष्कर्ष :
साधनांची निवड सर्वांत मोठ्या आवाजापासून नव्हे, तर मंचावरील सर्वांत नाजूक आवाजापासून सुरू व्हावयास हवी. तानपुऱ्याची जवारी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली, तर गायकाचा सूर पोहोचण्यास अडचण उरत नाही. महाविद्यालयीन सांस्कृतिक समित्यांनीही दरपत्रकातील वॅट आणि दिव्यांची संख्या मोजण्याआधी ध्वनिक्षेपकांचा दर्जा, ध्वनिवर्धकांची मांडणी आणि मैफलीपूर्वीची चाचणी यांचा विचार करणे अगत्याचे आहे. अन्यथा मैफल भरेल, परंतु ख्याल ऐकू येणार नाही.